आठ खुणांची बाटली

१

बसलिंगप्पा जॉबर अंथरुणात थंडगार सापडला आणि सकाळचा भोंगा वाजायच्या आत चाळीने निकालही देऊन टाकला: कंपाउंडरने मारला. लोकांना निकालाची फार घाई. पुरावा शोधायला फौजदार आहेच की, त्याला सरकार पगार कशाचा देतं?

फौजदार आबासाहेब जगदाळे चाळीत पोचले तेव्हा दारात बायकांची गर्दी होती आणि आत चिमाबाई नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवून बसली होती. बसलिंगप्पा अठ्ठावन्न वर्षांचा. गिरणीच्या विणकामखात्यातला जॉबर, म्हणजे कुठल्या मागावर कुणी उभं राहायचं हे ठरवणारा मुकादम. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली, आणि त्या खडखडाटाने सूड उगवल्यासारखं त्याच्या कानात घर केलं. गिरणी सुटली तरी कानातली गिरणी चालूच. दोन वर्षांत त्याला धड झोप नव्हती. बोलता बोलता दोन्ही तळहात कानांवर दाबून धरायची सवयच जडली होती त्याला. आता मात्र चेहरा शांत होता. गाढ झोपलेल्या माणसाचा असावा तसा.

उशाशी पितळेची वाटी होती आणि कोनाड्यात औषधाची बाटली. आबासाहेबांनी बूच काढून वास घेतला, आणि खात्री करायला पुन्हा एकदा घेतला.

हाच वास काल रात्री त्यांच्या स्वतःच्या तोंडाला येत होता.

२

आबासाहेबांच्या कानात गिरणी नव्हती, रातकिडा होता. पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या मोहिमेत तोफेशेजारी उभं राहून ते परत आले, हातपाय शाबूत घेऊन आले, पण येताना हा किडा डाव्या कानात घेऊन आले. सतरा वर्षं तो अखंड किरकिरत होता. लसणीचं तेल झालं, रुईच्या पानाचा रस झाला, करमाळ्याच्या देवीला नवस झाला. शेवटी चार दिवसांपूर्वी डॉक्टर चनमल्लप्पांनी त्यांना नवं औषध लिहून दिलं होतं. ब्रोमाइड आणि क्लोरल. रात्री झोपताना एक मात्रा. तेच औषध, त्याच कंपाउंडरच्या हातचं, बसलिंगप्पाच्या कोनाड्यात होतं.

त्या काळी दवाखान्यात बाटली घरची न्यायची असे. कंपाउंडर तीत औषध भरी आणि कागदाची पट्टी कातरून, तिला दोन्ही बाजूंनी खाचा पाडून, बाटलीच्या अंगाला खळीने डकवी. एक खाच म्हणजे एक मात्रा. ज्याला श्रीगणेशाही येत नाही त्यालाही खुणा कळत. बसलिंगप्पाची बाटली एरंडेलाची जुनी होती. पट्टीवर आठ खुणा. वरची एक रिकामी झालेली, खाली सात शिल्लक. म्हणजे माणूस एकच मात्रा प्याला आणि मेला.

"मीच दिलं की साहेब, माझ्या ह्या हातानं," चिमाबाई म्हणाली. रडून रडून तिचा घसा बसला होता. "अय्यो, माझ्या हाताला काय झालं न्हाई! खुणेपतुर वतलं, वाटी गच्च भरली. लई कडू म्हनले. दोनदा थांबले मधी, तरी पिले. पिऊन म्हनले, चिमे, आता मी झोपतो बग."

"आणि सकाळी?"

"हाक मारली, उठनात. हात लावला तर गार. मी बोंब मारली, तसा धोंडप्पा धावत आला. मला म्हनला, काकू, जा, कोंडीबाला बोलवून आन. मी आले तर हा काकाच्या तोंडात पानी घालत रडत बसलेला. हात सगळे वले."

धोंडप्पा बसलिंगप्पाचा पुतण्या. तिशीचा, अंगाने काटक, गिरणीच्या खळीच्या खात्यात कामाला. सूत मागावर चढायच्या आधी त्याला कढत खळ पाजतात ते खातं. आईबाप लहानपणी गेले, काकाने वाढवला. इतक्या दुःखातही डोक्याचा पटका खळ दिलेला, कडक होता. रोजची सवय, दुसरं काय.

"काकानं माज्या म्होरं घेतलं औशद," तो म्हणाला. "मी हितंच बसलो हुतो. एका घोटात घेतलं आन् आडवं झालं. कुनाला ठावं हुतं का, की ह्यो शेवटचा घोट हाय."

बाटली दवाखान्यातून आणणारा शेजारचा कोंडीबा. मूळचा कुंभारी गावचा, गिरणीत विणकर. बसलिंगप्पाने महिन्यापूर्वी त्याचे दोन माग काढून घेतले होते, आणि हा भर बाजारात ओरडला होता की तुझे कान एकदाचे कायमचे बंद होतील. ते वाक्य आता साऱ्या चाळीला पाठ झालं होतं.

"बोल्लो हुतो, व्हय," कोंडीबा मान खाली घालून म्हणाला. "रागात माणूस काय बी बोलतं. पर माग परत मिळावं म्हनून तर त्येंची कामं करत हुतो की मी! बाटली घेऊन आलो, दिवा लागला हुता. जॉबर आन् चिमाबाई सिद्धेश्वराच्या देवळात गेल्याले, तासभर तरी येनार नव्हते. बाटली धोंडप्पाच्या हातात दिली. कंपाउंडर जे बोलला ते बी सांगितलं, की एकच खूण द्यायची, जास्ती गेलं तर मानूस उठायचा न्हाई. मग म्या घरला गेलो. तितनं म्होरलं मला ठावं न्हाय."

दुपारी कंपाउंडर सिद्धलिंगप्पाला चौकीत आणला. पन्नाशीचा, बारीक आवाजाचा माणूस. बावीस वर्षं त्याने औषधं मोजली होती, आणि मुलं नसल्यामुळे काचेच्या मापांवरच पोटच्या पोरांसारखी माया केली होती. आबासाहेबांनी बाटली पुढे धरली. त्याने पट्टीवरून बोट फिरवलं.

"पट्टी माझीच, साहेब," तो म्हणाला. "खाचा माझ्याच कात्रीच्या."

३

प्रेताची आतडी आणि बाटली मुंबईला सरकारी परीक्षकाकडे गेली. सिद्धलिंगप्पा कच्च्या कैदेत गेला. आबासाहेबांनी आपली अर्धी संपलेली बाटली घरातून उचलून चौकीतल्या मुद्देमालाच्या कपाटात आणून ठेवली. न जाणो, घरात कुणी चुकून घेतली तर! बायको वच्छला म्हणाली, "चार दिवस झोपलात हो, बरं वाटत होतं बघून." त्या रात्री ते बिनऔषधाचेच आडवे झाले. रातकिडा पुन्हा पहिल्यासारखा किरकिरायला लागला.

मुंबईहून बाटली परत आली. कागद यायला आणखी दोन आठवडे लागले, आणि तो वाचून चौकीतले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

आतड्यांत क्लोरल भरपूर होतं, चार मात्रा एकदम घेतल्यावर असावं तेवढं. आणि बाटलीत? बाटलीत उरलेलं औषध डॉक्टरांनी लिहिलं त्याहून पातळ होतं. सात खुणांच्या पाण्यात औषध जेमतेम चार खुणांचं. म्हणजे जवळजवळ अर्ध्याच ताकदीचं. दुसरं कुठलंही विष नाही.

अर्ध्या ताकदीच्या औषधाची एक मात्रा घेऊन माणूस मेला होता!

जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबांना यात कोडं दिसलंच नाही. "सोपं आहे, फौजदार," ते म्हणाले. "कंपाउंडरने औषध नीट हलवलं नाही. अर्धं औषध वर राहिलं, ते पहिल्या मात्रेत गेलं. उरलेलं खाली पातळ राहिलं. चार आणि चार आठ, हिशेब जुळतो. मनुष्यवधाचा खटला भरा. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेआधी कागद माझ्या टेबलावर पाहिजेत."

हिशेब जुळत होता, तेच वाईट होतं. आबासाहेब कोठडीच्या गजांशी गेले. सिद्धलिंगप्पा गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. साहेबांचं म्हणणं ऐकून त्याने विरोध केला असता तर आबासाहेबांना बरं वाटलं असतं. त्याने नुसती मान डोलावली.

"असेल साहेब. मंगळवारचा बाजार होता. पंचवीस बाटल्या भरल्या त्या दिवशी. प्रत्येक बाटली मी वीसदा हलवतो, पण बाजाराच्या दिवशी…" त्याने दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "बावीस वर्षांत चुकलो नाही असं मी समजत होतो. आता आठवायला बसलो की प्रत्येकच बाटली हलवायची राहिल्यासारखी वाटते. माझ्याच हाताने गेला हो तो. द्या मला काय शिक्षा असेल ती."

ज्याने चोरी केली नाही त्याला चोर म्हणून मारा, तो ओरडतो. पण ज्याच्या मनातच संशय पेरला, तो फासाचा दोरही स्वतःच वळून देतो. आबासाहेबांना त्याचा राग आला आणि त्याहून जास्त दया आली. कबुली मिळाली म्हटल्यावर साहेब दोन दिवसांत खटला भरणार होते.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी शिपायाने चहा आणून ठेवला. आबासाहेबांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. अगोड. दोन घोट, तीन घोट, तसाच. शेवटच्या घोटाला मात्र साखर दाताखाली करकरली.

"ढवळला नाहीस होय रे?" ते ओरडले, आणि कप हातातच राहिला.

न ढवळलेली साखर तळाशी बसते. ती वर तरंगते असं कुणाच्या बापाने पाहिलंय? औषध हललं नसतं तर पहिली मात्रा पातळ आणि शेवटची मारक झाली असती. बसलिंगप्पा मेला असता तर आठव्या रात्री. साहेबांचा हिशेब जुळत होता, पण उलट्या बाजूने.

ते ताडकन उठले आणि बाटली पुन्हा पाहावी म्हणून मुद्देमालाचं कपाट उघडलं. आत झुरळांची पांगापांग झाली. सरकारी कपाटात झुरळं नसतील तर ते कपाट सरकारी कसलं? खालच्या फळीवर दोन बाटल्या शेजारी शेजारी होत्या, बसलिंगप्पाची आणि त्यांची स्वतःची. दोन आठवडे एकाच फळीवर.

आबासाहेबांच्या बाटलीवरची पट्टी झुरळांनी पार फस्त केली होती. कागदाचे चार कपटे आणि खळीचा पिवळट डाग, एवढंच उरलं होतं. शेजारच्या बाटलीवरची पट्टी मात्र कोरी करकरीत. तिच्या आठ खुणांतल्या एकीचाही कोपरा कुरतडलेला नव्हता.

कंपाउंडर तोच, कागद तोच, कात्री तीच. मग झुरळांना काय माणसं कळत होती?

५

"खळ कशाची करतोस तू?" आबासाहेबांनी गजांतून विचारलं.

सिद्धलिंगप्पाला वाटलं, फौजदारांचं डोकं फिरलं. "गव्हाच्या पिठाची. चिमूटभर साखर घालतो, चिकटायला."

"तीत किडामुंगी लागू नये म्हणून काही घालतोस का?"

"कशाला? औषधाच्या बाटलीला विषारी वस्तू कोण लावील? आठ दिवसांत बाटली रिकामी होते, पट्टी तेवढी टिकली की झालं."

आबासाहेबांनी बाटली रुमालात गुंडाळली आणि थेट डॉक्टर चनमल्लप्पांचा दवाखाना गाठला. वाटेत गिरणीचं फाटक लागलं. तिथे एका ओळखीच्या मुकादमाला त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि उत्तर ऐकून पावलं झपाझप टाकली. गिरणीच्या खळीत मोरचूद असतो. सूत महिनोन्महिने गोदामात पडतं. त्याला बुरशी आणि कीड लागू नये म्हणून घालावाच लागतो.

डॉक्टर चनमल्लप्पा सोन्याच्या काड्यांचा चष्मा लावणारे, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी पट्टीची कड सुरीने उचलली, मागची वाळलेली खळ खरवडून काचेच्या तबकडीत घेतली. दुसऱ्या तबकडीत सिद्धलिंगप्पाच्या डब्यातली खळ. दोन्हींवर अमोनियाचे थेंब सोडले.

"मोरचूद असेल तर निळी होईल," ते म्हणाले.

सिद्धलिंगप्पाची खळ होती तशीच राहिली. दुसऱ्या तबकडीत आधी काहीच झालं नाही, आणि मग कडेने हळूहळू निळा रंग चढत गेला. फिकट, पण निळा.

आबासाहेबांनी सुस्कारा सोडला. पट्टी कंपाउंडरची, पण डकवली दुसऱ्या कुणीतरी, गिरणीची खळ लावून. म्हणजे ती आधी कुणीतरी काढली होती. कशाला काढली असेल, हे त्यांच्या ध्यानात आलं.

जाता जाता त्यांनी कितीतरी दिवस मनात असलेला प्रश्न विचारून घेतला. "डॉक्टर, हे कानातलं बरं होतं का हो ह्या औषधाने? खरं सांगा."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "आबासाहेब, कानातल्या आवाजावर जगात औषध नाही. मी झोप देतो. झोप लागली की माणसाला वाटतं आवाज कमी झाला."

"मग मला म्हणालात ते, की दोन महिन्यांत फरक पडेल?"

"रोग्याला धीर द्यावा लागतो. बसलिंगप्पालाही दिला होता."

६

संध्याकाळी दिवस असतानाच ते चाळीत गेले. धोंडप्पा आणि कोंडीबाला गिरणीतून बोलावून घेतलं आणि चिमाबाईसह तिघांनाही समोर बसवलं. मध्ये बसलिंगप्पाची पितळेची वाटी, आणि शेजारी त्यांनी स्वतःची आठ मात्रांची बाटली पाणी भरून ठेवली, नवी पट्टी लावून.

"चिमाबाई, त्या रात्री वाटी किती भरली होती?"

"काठोकाठ की."

आबासाहेबांनी एका खुणेइतकं पाणी वाटीत ओतलं. वाटीचा नुसता तळ झाकला.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढं नव्हतं हो."

त्यांनी दुसरी खूण ओतली, तिसरी ओतली. चौथ्या खुणेला वाटी काठोकाठ भरली आणि बाटली बरोबर अर्धी झाली.

"आता ऐका," आबासाहेब म्हणाले. "बसलिंगप्पा चार मात्रा एकदम प्याला. चिमाबाईने दिल्या, आणि तिला दोष नाही. तिने खुणेइतकंच ओतलं. पण त्या रात्री बाटलीवर आठ खुणांची पट्टी नव्हतीच. तिच्या जागी दुसरी होती, मधोमध एकच खाच असलेली. बाटली आली तेव्हा कंपाउंडरची खळ ओली होती. ती पट्टी अलगद निघाली, आणि कुणीतरी ती जपून ठेवली. सकाळी माणूस मेल्यावर खोटी पट्टी काढून चुलीत घातली, खरी परत लावली, आणि बाटली सात खुणांपर्यंत पाण्याने भरली. म्हणून उरलेलं औषध पातळ झालं. सात खुणांच्या पाण्यात चार खुणांचं औषध."

आबासाहेबांनी बाटली उचलून पट्टीवर बोट ठेवलं.

"खरी पट्टी परत लावताना त्याने हाताशी होती ती खळ घेतली. गिरणीची. पटक्याला रोज लावायची म्हणून घरात डबा भरलेला असतो. तीत मोरचूद असतो हे रोजच्या सवयीत विसरला तो. झुरळं विसरली नाहीत. कोंडीबा, तू विणकर. तुझ्या हाताला खळीचं सूत लागतं, खळीचा डबा नाही. आणि सकाळी तू आलास तो बोलावल्यावर. चिमाबाईने हे केलं असतं तर वाटी काठोकाठ भरली, तो दोनदा थांबला, असं ती आपणहून कशाला सांगेल? राहिला एकच. जो म्हणाला की काकाने एका घोटात घेतलं. काठोकाठ भरलेली कडू वाटी कुणी एका घोटात घेतं होय रे, धोंडप्पा? जास्त दिलं तर माणूस उठत नाही हे ह्या घरात फक्त तुला सांगितलं होतं. बाटली तासभर तुझ्या हातात होती. सकाळी काकूला बाहेर धाडून प्रेतापाशी तूच एकटा होतास. आणि हात तुझे ओले होते."

चिमाबाईने पुतण्याकडे पाहिलं. "धोंड्या, सांग न्हाई म्हनून," ती म्हणाली. "सांग की रे!"

धोंडप्पाने पटका काढून मांडीवर ठेवला.

७

"आठ वर्सं त्या वाफंत उभा हाय मी," तो शेवटी म्हणाला. "पायाची कातडी बगा, उकडून निगतीया. काका म्हनायचं, माज्या जागी तूच जॉबर व्हनार. दसऱ्याला म्हनलं, कान आता सोसवत न्हाईत, संक्रांतीला सोडतो मी गिरनी, सायबाकडं तुजंच नाव सांगतो. अक्कलकोटची पोरगी ठरली हुती. तिचा बाप म्हनला, पोरगी द्यायची ती जॉबराला, खळवाल्याला न्हाई."

"मग?"

"मग काका दवाखान्यातनं हसत आलं. पेढे वाटलं चाळीत. म्हनलं, डाक्टर बोललं, नव्या औशदानं कान बरा हुतोय, आजून पाच वर्सं मागावर उभा ऱ्हाशील. पाच वर्सं, साहेब! मी तितंच पेढा हातात घेऊन उभा. माजं काय, कुनी इचारलं न्हाई. आन् दुसऱ्या दिशी कोंडीबानं बाटली हातात दिली आन् म्हनला, जास्ती गेलं तर उठायचा न्हाई."

चिमाबाईने तोंडावर पदर घेतला. तिने त्याला शिव्या दिल्या नाहीत, ओरडली नाही. ज्याला सात वर्षांचा असताना आंघोळ घातली त्याच्याकडे पाठ करून ती भिंतीकडे तोंड करून बसली, आणि ते बघणं आबासाहेबांना सगळ्यात जड गेलं.

शिपायांनी बेड्या घातल्या. चाळीच्या फाटकाशी टांग्यात बसताना धोंडप्पा थांबला.

"साहेब, येक इचारू? ते औशद खरंच लागू पडनार हुतं का हो? काका बरं झालं असतं?"

आबासाहेबांना डॉक्टरांचा मऊ आवाज आठवला. धीर द्यायची विद्या त्यांनाही येत होती. व्हय म्हणायला काय लागतं? निदान पोराने कशासाठी तरी केलं असं राहिलं असतं. पण एवढ्याशा खोट्या धिरानेच तर एक माणूस मेला होता आणि दुसरा फासावर चालला होता.

"नाही," ते म्हणाले. "जगात तसलं औषध नाही. चार रात्री झोपला असता, नंतर पुन्हा तेच. संक्रांतीला नक्की सोडली असती त्याने गिरणी."

धोंडप्पाला आधी कळलंच नाही. "म्हंजी संक्रांतीला…" तो म्हणाला. तेवढ्यात गिरणी सुटल्याचा भोंगा वाजला. त्याने बेड्यांसकट दोन्ही हात वर नेले आणि तळहात कानांवर दाबून धरले, काका धरायचा तसे. भोंगा केव्हाच थांबला तरी हात खाली आले नाहीत.

सिद्धलिंगप्पा सुटला. पहिले आठ दिवस त्याला माप उचलवेना. नवव्या दिवशी आबासाहेब रिकामी बाटली घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले. त्याने औषध भरलं, वीसदा हलवलं, पुन्हा वीसदा हलवलं. पट्टी कातरली, डकवली, खुणा मोजल्या, आणि खात्री पटेना म्हणून बाटली फौजदारांच्या हातात दिली. आबासाहेबांनी बोट ठेवून मोजल्या. आठ.

"बरं वाटेल साहेब ह्यानं," सिद्धलिंगप्पा जुन्या सवयीने म्हणाला.

"झोप लागेल म्हण," आबासाहेब म्हणाले. "बरं वाटेल म्हणू नकोस. कुणालाच म्हणू नकोस."